ताटाची उलटतपासणी

दिवाळीत माझ्या ताटावर दोन बायकांची नजर असायची. एक माझी बायको मंदा. ती भीतीनं बघायची, कारण मला साखर. दुसऱ्या आमच्या शेजारच्या निखाडे वकीलबाई. त्यांना भीतीबिती काही नव्हती, त्या निव्वळ कुतूहलानं बघायच्या. लहान पोर मुंग्यांची रांग बघत बसतं ना, अगदी तसं.

"खा भाऊ, खुशाल खा," त्या म्हणायच्या. "मी काही डॉक्टर नाही. पण काय काय खाल्लं ते मात्र सांगा."

सांगायला तोंड उघडलं की मेलो.

"काही नाही, दोन चकल्या."

"कोणत्या दोन?"

"कोणत्या म्हणजे?"

"म्हणजे वहिनींनी बशीत दिल्या त्या दोन, का वहिनी आंघोळीला गेल्यावर डब्यातून उचलल्या त्या?"

एवढ्यात मंदा पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभी. बाई आपल्या शांतपणे बिनसाखरेचा चहा पीत बसलेल्या. अशी शेजारीण वैऱ्यालाही मिळू नये, आणि मिळाली तर परत जाऊ नये. त्या गेल्या. म्हणून हे लिहायला बसलो.

मी जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरीला. घर भंडाऱ्यात, सकाळी फॅक्टरीची बस पकडायची, संध्याकाळी परत. आमची ओसरी आणि निखाडेबाईंची ओसरी म्हणजे एकच ओसरी, मध्ये कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवर कोपरं टेकून मी जेवढी वकिली ऐकली तेवढी कॉलेजात बसूनही कोणी ऐकली नसेल.

बाईंचं काम एकच. अपघातात माणूस गेला की त्याच्या घरच्यांचा दावा चालवायचा. जमिनीचे तंटे, फारकती, चेकची भानगड, असलं काही घेत नसत. उंचीनं एवढ्याशा, चष्मा जाड, आवाज मात्र खणखणीत. काळा कोट स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला लटकलेला, त्यामुळे कोटाला कायम फोडणीचा वास. एकदा म्हणे एका न्यायाधीशांनीच खाली वाकून विचारलं, "बाई, आज घरी मेथी का?" हे त्याच सांगायच्या आणि स्वतःच पोट धरून हसायच्या. खरं-खोटं देव जाणे.

लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची माझी काही छाती झाली नाही. मंदानं एकदा विचारलं. तर म्हणाल्या, "बघायला आले होते ना. पण पंगतीत आधी स्वतःला वाढून घेतलं त्यांनी. म्हटलं, राहू द्या."

माणूस काय खातो, कसा खातो, कोणाला वाढून खातो, यावरून त्या सगळं ताडायच्या. सकाळी तुमसरकडची पहिली बस आली की ओसरीवर माणसं बसलेली असायची. कोणाचा मुलगा गेलेला, कोणाचा नवरा. बाई आधी त्यांना तांदळाचे गरम आयते, म्हणजे धिरडी, वाढायच्या, वर लसणाची चटणी. कोणी म्हणालं, "नको जी, इच्छा नाही," तर म्हणायच्या, "इच्छेचं कोण विचारलं? उपाशी माणूस दुसऱ्याचं शिकवलेलं बोलतो. पोटात पडलं की आपलं बोलतो."

सणासुदीच्या खाण्याबद्दल त्यांचा स्वतःचा असा एक कायदाच होता. त्या म्हणायच्या, "सणानं कोणी आजारी पडत नाही, भाऊ. उरलेल्यानं पडतात. दिवाळीच्या दिवशी करंजी खाल्ली, ती दिवाळीची. पुढच्या सोमवारी उभ्याउभ्या डब्यात हात घालून खाल्ली, ती कोणाची? ती कोणाचीच नाही. ती नुसती साखर." पाहुण्याकडे जाताना घरून वरणभात-भाजी खाऊन निघायचं, रिकाम्या पोटी फराळाच्या बशीपुढे बसायचं नाही. जे सगळ्यात आवडतं ते एकच घ्यायचं, बसून खायचं, आणि ज्यानं केलं त्याला तोंडावर सांगायचं की छान झालं. "न सांगता खाल्लं तर दुसरं खावंसं वाटते," असं त्यांचं म्हणणं. मी हसायचो. पण मागच्या काही दिवाळ्या मी तसंच खातो, आणि माझे डॉक्टर माझ्यावर पूर्वीसारखे खेकसत नाहीत, एवढं कबूल केलं पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, खाण्याचा आणि दाव्याचा काय संबंध? मलाही तेच वाटायचं. एक दिवस भिंतीपलीकडे एक म्हातारा बाप भडकलेला ऐकू आला. त्याचा कमावता मुलगा ट्रकखाली गेला होता. बाईंनी विचारलं होतं, "पोरगा घरी काय खायचा? बाहेर काय खायचा? पान, तंबाखू, चहा?"

"म्हणजे मेलेल्या पोराचा घास मोजता का तुमी?" म्हातारा उठून उभा राहिला. "थू त्या कायद्यावर!"

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बाबा, बसा. कायदा असं पाहते, का कमावणारा माणूस काही स्वतःच्या तोंडात घालतो आणि बाकी घरात देतो. त्याच्या तोंडचं वजा होते. घराचं जे गेलं ते मागायचं. तो किती वयाचा होता, पुढं घराला किती वर्षं हात देला असता, घरात त्याच्यावर कोण कोण होतं, हे सारं पाहतात. तुमाले तिथं परक्या माणसानं विचारलं तं जास्त लागंल. म्हणून मी आधी विचारते, माझ्या ओसरीवर."

म्हातारा परत खाली बसला. मग म्हणाला, "लाखोळीच्या डाळीचे वडे आवडे त्याले. पण पहिला वडा मायच्या हातावर ठेवे." आणि ढसाढसा रडला. मी भिंतीवरून कोपरं काढली आणि घरात गेलो.

आंबागडकडचा एक जण आला होता, जंगलखात्याच्या कामावर जाणारा. त्याची बायको रस्ता ओलांडताना गेली. बाईंनी विचारलं, बायको काय करायची? तर म्हणाला, "काही नाही जी. घरीच राहे." बाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "बरं. मग आता घरी जा, आणि ती जे 'काही नाही' करत होती ते तू कर. जमलं की ये." तो परत आला तेव्हा हाताला पोळल्याचे डाग होते, आणि बोलायला लागला तो थांबेच ना. पाणी, सरपण, पोरांचे डबे, म्हातारीचं पथ्य, शेळ्या. बाई नुसत्या "हं, अजून?" म्हणत होत्या. घरच्या बाईच्या कामालाही कायद्यात मोल आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मंदालाही कळलं, आणि त्याचे परिणाम मी आजतागायत भोगतोय.

मी एकदा विचारलं होतं, "ताई, पण यानं भरपाई होते का खरंच?"

"हट्," त्या म्हणाल्या. "भरत काही नाही. पण ज्यानं मोडलं त्यानंच मोडलं, असं कोणीतरी मोठ्यानं म्हणावं लागते. नाहीतर घरातली माणसं ते आपल्याच अंगावर घेतात. बाया तर घेतातच घेतात."

हे त्या कोणाबद्दल बोलत होत्या ते मला देवकाबाईंना भेटल्यावर समजलं.

देवकाबाई बपेऱ्याच्या अलीकडच्या एका गावच्या. घरचा धान, तलावाच्या पाण्यावर पिकणारा, खाऊनपिऊन सुखी घर. नवरा देवराम एका संध्याकाळी सायकलनं घरी येत होता, मागून रेतीच्या टिप्परनं उडवलं. पायाचा चेंदामेंदा झाला. नागपूरला ऑपरेशन झालं, दिवाळीच्या आधी घरी आणलं. देवरामला साखर होती. भाऊबीज झाली, गावची मंडई झाली, आणि मंडईनंतर थोड्याच दिवसांत जखमेचं विष अंगात पसरून तो गेला.

आमच्याकडची मंडई बाहेरच्यांना सांगावी लागते. दिवाळी झाली की प्रत्येक गाव आपापला दिवस धरून मंडई भरवतं. दुकानं, दंडारीचा नाच-तमाशा, रात्रभर नाटक. त्या दिवशी घरोघर पाहुणे. आज या गावचे त्या गावात, उद्या त्या गावचे या गावात. पाहुणा तोंड गोड केल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडला तर घरधन्याची मान खाली. कढई दिवसभर चुलीवरून उतरत नाही.

देवरामच्या भावानं, म्हणजे देवकाबाईंच्या दिरानं, दावा लावला. टिप्परची विमा कंपनी आली आणि म्हणाली: अपघातानं नाही गेला. साखरेचा रोगी होता, मंडईत बेसुमार गोडधोड खाल्लं, घरच्यांनी पथ्य पाळलं नाही, म्हणून जखम चिघळली. हे त्यांना कुठून कळलं? दवाखान्याच्या कागदातून. आणि कागदात कसं आलं? खुद्द देवकाबाईंनी डॉक्टरपुढे छाती बडवून सांगितलं होतं, "मीच खाऊ घातलं जी, मीच!" बिचाऱ्या डॉक्टरनं ऐकलं ते लिहिलं.

त्या निखाडेबाईंच्या ओसरीवर आल्या तेव्हा दीर हाताला धरून घेऊन आला होता. आयते समोर ठेवले, त्यांनी शिवले नाहीत. म्हणाल्या, "मी नाही येत कोर्टात. तठी खरं बोला लागते. खरं बोलीन तं मीच मारलं त्यायले. मंग कोणाच्या नावानं दावा करू?"

दीर कपाळाला हात लावून बसला. घरात दोन मुली शिकायच्या, सासू अंथरुणाला. पण देवकाबाई हलायला तयार नाहीत.

बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. "काय खाऊ घातलं?"

आणि देवकाबाईंनी सांगितलं. सगळं. सुवाऱ्या म्हणजे आमच्याकडच्या पुऱ्या, वडे, कोचईच्या म्हणजे अळूच्या पानाच्या वड्या, बासुंदी, अनारसे. मंडईला पाहुण्यांची पंगत बसली की घरधन्यानं पंगतीला बसायचं असतं. देवराम खाटेवर, उठता येईना. म्हणून प्रत्येक पंगतीला त्याचंही ताट वाढून त्याच्या खोलीत जायचं, पाहुणे त्याच्या खाटेजवळ जाऊन बसायचे, बोलायचे. आणि ताट रिकामं परत यायचं. दिवसभर.

"रिकामं?" बाई म्हणाल्या. "घासून-पुसून?"

"हव जी. एक शीत नसे."

"एरवीही असाच खायचा का देवराम?"

"नाही जी. एरवी काय, वरणभात. भुकेचा माणूस नव्हता तो." आणि त्या पदराआड रडायला लागल्या. "मले वाटलं, जेवून राहिले, बरे होऊन राहिले. मी आनंदानं वाढत गेली."

मी भिंतीवरच होतो. माझ्या तोंडून गेलं, "पण ताई, जखम चिघळलेली म्हणजे ताप असणार. साखर असलेल्या माणसाला अंगात ताप असला की पाणी जात नाही घशाखाली. मला मागं निमोनिया झाला तेव्हा मंदाच्या हातचा शिरा ठेवून दिला होता मी. शिरा!"

निखाडेबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझा त्यांच्याकडून झालेला तो एकमेव सन्मान.

त्या दिवाळीत त्यांनी माझी गाडी आणि माझ्या सुट्ट्या, दोन्ही जप्त केल्या. म्हणाल्या, "भाऊ, मंडया सुरू झाल्या. तुम्हाला फिरायची हौस आहे ना?" हौस मला मंडईतल्या खाज्याची होती, पण बोलून उपयोग नव्हता. देवरामकडे ज्या ज्या गावचे पाहुणे गेल्या वर्षी आले होते, त्या त्या गावच्या मंडईला आम्ही. घरून वरणभात खाऊन. दर घरी बाई एक गोष्ट घ्यायच्या, बसून खायच्या, "छान झालं वो," म्हणायच्या. आणि मग विचारायच्या, "गेल्या साली देवरामकडं मंडईला गेले होते ना? काय खाल्लं?"

पहिला भेटला झिबलबुडा, देवरामचा मामा. गड्याचं वय झालेलं, पण मिश्या ताठ. प्रश्न ऐकला आणि मिश्या खाली आल्या.

"काय खाल्लं म्हणजे? पंगतीत जेवलो ना जी."

"पंगतीतलं नाही. खाटेजवळ."

म्हातारा उठला, दार लोटून घेतलं. "तुमाले कोण सांगतलं?"

"कोणीच नाही. मी विचारून राहिली."

मग हळूहळू बाहेर आलं. म्हातारा भाच्याला भेटायला खाटेजवळ गेला. देवरामनं आपलं ताट पुढं केलं. "म्हणे, मामाजी, घ्या. म्या म्हटलो, अरे तुह्या ताटातलं? तं म्हणे, मी उठून पाव्हण्याले वाढू नाही सकत. बसल्या जागेवरून हातानं तं देऊ द्या." म्हाताऱ्यानं लोटलेल्या दाराकडे पाहिलं. "ना कसा म्हणू जी? बासुंदी पेलो मी. अन् आठ रोजात पोरगा गेला. बिमाराच्या तोंडचं खाल्लो मी. कोणाले सांगू? तुमी बी देवकाले सांगू नोका."

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "सापडलं ताई!"

"एक सापडला," त्या म्हणाल्या. "एका म्हाताऱ्याच्या बासुंदीनं ताटं रिकामी होत नाहीत."

पुढच्या गावात देवरामची बहीण सरजाबाई. तिनं तर ऐकताच बाईंच्या मांडीवर डोकं ठेवलं. दादानं सुवाऱ्या भरवल्या होत्या तिला, लहानपणी भरवायचा तशा. "मरणाऱ्याचा घास गिळली मी. माह्या नवऱ्यालेबी सांगतलं नाही." तिच्या पुढच्या गावात मोतीराम, देवरामचा दंडारीतला जोडीदार. त्यानंही खाल्लं होतं. त्यानंही दार लोटलं होतं. त्यानंही तेच म्हटलं, देवकाबाईला सांगू नका.

आणखी काही घरं झाली. सगळीकडे हेच. मला तर डोकं फिरायची पाळी आली. एवढी माणसं, एकमेकांची सोयरी, वर्षभर लग्नात-तेराव्यात भेटत आलेली, आणि प्रत्येकाला वाटतंय की त्या ताटातलं आपण एकट्यानंच खाल्लं. खोटं कोणीच बोललं नव्हतं, लाजेनं नुसते गप्प राहिले होते सगळे. आणि त्यांच्या गप्प राहण्याचं सगळं ओझं त्या एका बाईच्या डोक्यावर.

येताना मी विचारलं, "ताई, आता या सगळ्यांना साक्षीला बोलावणार?"

"कशाला?"

"कशाला म्हणजे? त्यानं खाल्लं नव्हतं हे सिद्ध करायला!"

"खाल्लं असतं तरी काय फरक पडत होता?" बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "ज्याला उडवलं तो पैलवान होता का साखरेचा रोगी, हे टिप्परवाल्याला निवडता येत नाही. पाय त्यानं चिरडला, विष त्या जखमेतलं. नागपूरचे डॉक्टर तसं सांगायला तयार आहेत. कोर्टाला तेवढं पुरतं."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. खरंच घेतली, कारण मला राग आला होता. "मग माझ्या सगळ्या सुट्ट्या कशापायी घातल्या? एवढी गावं कशाला फिरलो आपण?"

"कोर्टाला पुरतं म्हटलं मी," त्या म्हणाल्या. "देवकाबाईला कुठं पुरतं?"

मी परत गाडी सुरू केली. 

देवकाबाईंच्या गावची मंडई शेवटी आली. त्यांच्या घरी त्या साली कढई चढणार नव्हती. घरात माणूस गेलं की त्या वर्षी तळण नाही. पण सोयरे आले, आपापलं घरून बांधून घेऊन आले, तशी रीत आहे. दुपारी ओसरीवर सगळे बसले. झिबलबुडा, सरजाबाई, मोतीराम, बाकीचे. देवकाबाई चौकटीला टेकून, कोणाकडे न बघता. बाईंनी प्रत्येकाला आधीच विचारून ठेवलं होतं की सांगाल का. सगळ्यांनी मान हलवली होती, पण आता कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. बाहेर लाउडस्पीकर केकाटत होता आणि इथं जो तो आपापल्या गाठोड्याची गाठ सोडत-बांधत बसलेला.

शेवटी झिबलबुड्यानं टोपी काढली. "सूनबाई, गेल्या साली देवरामच्या ताटातली बासुंदी मी पेलो."

देवकाबाईंनी वर पाहिलं.

"सुवाऱ्या मी खाल्ली वो वहिनी," सरजाबाई म्हणाली, आणि मग दचकून मामाकडे पाहिलं. "तुमीबी?"

"वडे मी," कोणीतरी कोपऱ्यातून म्हणालं. "कोचईच्या वड्या आमी दोघं," दुसरं. एकेकाची नजर दुसऱ्याकडे जात होती आणि तोंडं उघडी पडत होती. इतक्या दुःखाच्या घरी मला हसू फुटेल असं कधी वाटलं नव्हतं, पण हसू दाबायला मला तोंडावर रुमाल धरावा लागला.

राहिला मोतीराम. तो खाली मान घालून म्हणाला, "अनारसा होता ताटात. देवरामनं तो मोडला. अर्धा मले देला, अर्धा सोता खाल्ला. मी म्हटलो, अबे, तुले साखर. तं म्हणे, बाकी काही गेलं नाही रे घशाखाली, पण हा देवकाच्या हातचा आहे. खाऊन पाह्य, कसा झाला. असा अनारसा साऱ्या तालुक्यात होत नाही, म्हणे."

देवकाबाई चौकटीवरून सरकत खाली बसल्या. मला वाटलं, आता रडतील. कसल्या रडतात! त्या अशा भडकल्या की ओसरी हादरली.

"अन् मले सालभर काहून नाही सांगितलं? मेल्यायहो! मी रोज मरून राहिली, अन् तुमी सारे तोंडात मूग धरून बसले? मामाजी, तुमी? सरजे, तूबी? माह्या पोरी मायले पाहून रडत, अन् तुमाले लाज वाटे?" त्या उठून एकेकापुढे जाऊन ओरडत होत्या. कोणी वर मान करेना. मग मोतीरामपुढे आल्या आणि त्यांचा आवाज एकदम बसला. "काय म्हणे ते? पुन्हा सांग."

मोतीरामनं पुन्हा सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मग रडल्या. सरजाबाई त्यांच्या गळ्यात पडली आणि सगळीच रडायला लागली. निखाडेबाईंनी मला खुणेनं उठवलं. आम्ही बाहेर पडलो आणि मी न विचारता मंडईतून खाजा घेतला. त्या काही बोलल्या नाहीत. उलट स्वतः एक तुकडा मोडून घेतला.

निकाल पुढे देवकाबाईंच्या बाजूनं लागला. पण तो ऐकायला निखाडेबाई नव्हत्या. त्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांच्या ओसरीवर माणसं येऊन बसली, आणि दार उघडलं नाही. झोपेतच गेल्या. मंदा अजून कधी कधी भिंतीकडे बघून चहा दोघींचा टाकते, आणि मग मी दोन कप पितो, बिनसाखरेचे.

मी त्यांना कोर्टात शेवटचं पाहिलं ते देवकाबाईंच्या साक्षीच्या दिवशी. मी मागच्या बाकावर होतो. देवकाबाई पिंजऱ्यात उभ्या, पदर डोक्यावरून नीट घेतलेला. बाईंनी त्यांना काहीही शिकवलं नव्हतं. मी आदल्या दिवशी विचारलं होतं, तर माझ्यावरच ओरडल्या, "शिकवलेलं बोलायला ती काय पोपट आहे?"

कंपनीचे वकील उठले. चांगले शांत गृहस्थ होते, आवाजही न चढवता बोलत होते. त्यांनी विचारलं, "तुमच्या पतीला मधुमेह होता, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हव जी."

"तरीही मंडईच्या दिवशी त्यांच्या ताटात गोड पदार्थ वाढले?"

"हव जी. वाढले."

"आणि त्यांनी ते खाल्ले?"

मी बाकावर पुढे सरकलो. निखाडेबाई समोर बघत होत्या, हात कोटाच्या खिशात.

"पाव्हण्यायले खाऊ घातले, साहेब," देवकाबाई म्हणाल्या. "त्यायनं अर्धा अनारसा खाल्ला. मी बनवला होता."

वकिलांनी ते टिपून घेतलं. "म्हणजे गोड खाल्लं होतं, हे तुम्ही मान्य करता. मग त्यांचा मृत्यू कशामुळे झाला, असं तुमचं म्हणणं आहे?"

"टिप्परनं मारलं त्यायले," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. आणि मग, कोणी काही विचारलेलं नसताना, न्यायाधीशांकडे वळून म्हणाल्या, "अनारसा चांगला झाला होता, साहेब. ते सोता म्हणे."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. निखाडेबाई उठून उभ्या राहिल्या होत्या, फेरतपासणीचा हक्क होता म्हणून असेल.  इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना विचारायला एकही प्रश्न नव्हता. डोळे पुसायला रुमालही नव्हता जवळ. त्यांनी काळ्या कोटाच्या बाहीनंच डोळे पुसले आणि तशाच उभ्या राहिल्या.